शिळं पाणी

त्या रविवारी मी रोह्याहून मेमू गाडीने हमरापूरला उतरले आणि रिक्षा करून घरी आले, तेव्हा फाटकापाशीच मला बाबांचं हसणं ऐकू आलं. तोंड उघडून, मध्ये खोकला येईल इतकं ते हसत होते. मी चप्पल काढून पडवीत पाऊल टाकलं आणि हसणं थांबलं.

"आलीस, बाय?" बाबा म्हणाले. "बस. प्रतिक्षा, ताईला चहा ठेव."

प्रतिक्षा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, निकेशची बायको. तिने हातातली नळी बाबांकडे दिली, ओले हात कमरेला पुसले आणि आत गेली. ती चहा घेऊन येईपर्यंत आम्ही बापलेक नेहमीचं बोललो. जावई बरे आहेत, त्यांची कंपनीत या आठवड्यात दुसरी शिफ्ट आहे, कॉलेजच्या ग्रंथालयात सध्या काम कमी आहे. मग आमचं बोलणं संपलं. ते टाकीकडे बघत राहिले आणि मी त्यांच्याकडे.

पडवीत माशांच्या तीन टाक्या होत्या. एकीत गप्पी, एकीत काळ्या मोली आणि खिडकीजवळच्या मोठ्या टाकीत एंजलची जोडी. बाबांचं आयुष्य जोह्याच्या कारखान्यांत गणपतीचे डोळे आखण्यात गेलं. हात कापायला लागला तेव्हा त्यांना डोळ्यांऐवजी मूर्तीखालच्या पाटाला रंग लावायला बसवलं, आणि त्या हंगामानंतर ते पुन्हा कारखान्यात गेले नाहीत. घरी नुसते बसून राहायचे. मग एकदा प्रतिक्षा त्यांना औषध आणायला पेणला घेऊन गेली आणि दोघं येताना पिशवीत चार मासे घेऊन आली. तिथून हे सगळं सुरू झालं. मी तेव्हा रोह्यात होते. मला ते फोनवर कळलं, तेही निकेशकडून.

चहा देऊन प्रतिक्षा पुन्हा एंजलच्या टाकीपाशी बसली. "बाबा, तुमची बाई रुसली बघा. कोपऱ्यात तोंड करून उभी हाय."

"तुझ्यावर गेलीय. तू नाय का, निकेशवर चिडलीस की मोरीत जाऊन उभी राहतेस."

"मी मोरीत भांडी घासायला जाते. तुमचा पोरगा घासतो का?"

बाबा पुन्हा हसायला लागले. माझ्याकडे बघून त्यांनी तोंड मिटलं.

मला ते मिटलेलं तोंड चांगलं ओळखीचं होतं. लहानपणी मी कारखान्यात त्यांच्या शेजारी जाऊन बसले की ते ब्रश खाली ठेवायचे आणि म्हणायचे, जा बाय, अभ्यास कर, रंगानं हात खराब होतील. मी जायचे. अभ्यास केला. इतका केला की पुढे माझ्याशी काय बोलावं हे त्यांना सुचेनासं झालं. प्रतिक्षा बारावीला दोनदा बसून घरी राहिलेली मुलगी. तिला त्यांनी कधी उठ म्हटलं नाही.

त्या दिवशी त्यांचा विषय पाण्याचा होता. आमच्या मागच्या अंगणातली विहीर जुनी आहे आणि बाबांचा तिच्यावर विश्वास नव्हता. दसऱ्याच्या सुमारास तिच्या पाण्यात लोखंड उतरतं, ते दिसत नाही, पण बादली रात्रभर ठेवली की तळाला तांबडा गाळ बसतो. शेजारच्यांनी भाताला युरिया टाकला की पावसाबरोबर तो झिरपून येतो, तेव्हा आठवडाभर माशांसाठी विहिरीला हात लावायचा नाही. उन्हाळ्यात खाडी आत सरकते आणि पाणी मचूळ होतं, ते मोलीला चालतं, एंजलला चालत नाही. ब्रश आणि साचे धुतलेलं प्लॅस्टरचं पाणी कोणी विहिरीकडे सोडलं तर ते त्याच्या घरी जाऊन भांडून यायचे. म्हणून पडवीच्या कोपऱ्यात एक निळा ड्रम होता. त्यात विहिरीचं पाणी भरून ठेवायचं, हवेच्या पंपाची नळी सोडायची, वरचं झाकण अर्धं उघडं ठेवायचं आणि पुढच्या रविवारपर्यंत त्याला शिळं होऊ द्यायचं. माशाला ताजं पाणी बाधतं, हे ते प्रतिक्षाला सांगत होते आणि ती मान डोलावत होती, जरी ते तिला आधीपासून ठाऊक असणार.

मी विचारलं, "बाबा, पाण्याचा पीएच बघता का तुम्ही?"

ते एकदम संकोचले. "ते काय आम्हाला कळत नाय, बाय. पुस्तकात असंल ते बरोबर."

पुस्तक मीच आणून दिलं होतं. मोठं, रंगीत छायाचित्रांचं. देण्याआधी मी ते पानन्‌पान वाचलं होतं, त्यांच्याशी बोलता यावं म्हणून. त्यांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर ठेवलं. आल्यागेल्याला दाखवायचे, लेकीनं आणलंय म्हणून. उघडून बघायचे नाहीत.

दुपारी जेवण झालं. बाबांनी मला गाडीची वेळ दोनदा विचारली. मी निघाले तेव्हा ते आणि प्रतिक्षा निळा ड्रम भरत होते. निकेश विहिरीवर मोटार चालू करायला गेला होता आणि प्रतिक्षाने पाईप धरला होता. बाबांनी मला हात केला. त्यांचा दुसरा हात ड्रमवर होता.

सोमवारी सकाळी निकेशचा फोन आला. बाबा चहा घेऊन टाकीसमोर बसले होते आणि बसल्याजागी गेले. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. त्यांच्या शेवटच्या शब्दांबद्दल मला माझ्या आत्याने, ठमाबाईने सांगितलं, आणि तिला प्रतिक्षाने. ते प्रतिक्षाला म्हणाले होते, ड्रमाचा पंप जरा बंद कर, डोक्यात घरघर होते. तिने जाऊन पंप बंद केला आणि परत आली तेव्हा कप लवंडलेला होता.

मी हे ऐकलं आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी की, हे शब्दसुद्धा हिलाच मिळाले.

घर माणसांनी भरलं होतं. बायका येत, माझ्या खांद्यावर हात ठेवत, आणि मग आतल्या खोलीत जाऊन प्रतिक्षाच्या गळ्यात पडत. ती जमिनीवर बसून हुंदके देत होती, तिचे केस सुटले होते. मला तसं रडता येत नाही. मी भिंतीला टेकून उभी होते आणि लोकांना पाणी देत होते. पलीकडच्या आळीतली एक बाई माझ्या समोरच दुसरीला म्हणाली, "सून नाय ती, लेक होती त्याची. खरी लेक." दुसरीने तिला कोपर मारलं. पहिलीने माझ्याकडे बघितलं आणि सारवासारव केली, "तू पण हाय गो बाय, पण तू लांब."

रोहा लांब नाही. पण ते सांगण्याची ती वेळ नव्हती.

पुरुष बाबांना घेऊन गेले. आमच्यात बायका मागे राहतात आणि घर धुतात. ठमाआत्याने पदर खोचला. माणूस गेलं की घरात भरून ठेवलेलं पाणी ठेवत नाहीत, सगळं ओतून टाकायचं आणि नवं भरायचं. हंडे, कळश्या, पिंप, मोरीतली बादली, एकामागून एक अंगणात रिकामं झालं. प्रतिक्षाला तेव्हा चक्कर आली होती, दोघीजणी तिला आतल्या खोलीत वारा घालत होत्या. शेवटी आत्याची नजर पडवीतल्या निळ्या ड्रमकडे गेली. तिने आणि आणखी दोघींनी तो कडेपर्यंत ओढला आणि आडवा केला. पाणी पायऱ्यांवरून उतरून तुळशीला वळसा घालून फाटकाकडे गेलं. मी ते बघत होते. मला वाटलं, बरं झालं, एवढा मोठा ड्रम आत्याच्या नजरेतून सुटला नाही. टाक्यांकडे बघून आत्या क्षणभर थांबली. मग म्हणाली, "त्यात जीव हायेत. ते राहू दे."

संध्याकाळी पाहुणे वाढले. सगळी भांडी पुन्हा भरली गेली. प्रतिक्षा तेव्हाही आतच होती.

मी दिवसकार्य होईपर्यंत माहेरीच राहायचं ठरवलं. घरात सगळं प्रतिक्षाच्या हाताखालचं होतं. कोणता डबा कुठे, बाबांचा चष्मा कुठे, त्यांची टोपी कुठल्या खुंटीला, हे मला तिला विचारावं लागे. ती सांगायची आणि सांगताना तिचे डोळे भरायचे, आणि मला चीड यायची. माझ्या बापासाठी ही माझ्यापेक्षा जास्त रडते, असं वाटायचं. मग वाटायचं, हिला त्यांचं जास्त काही माहीत आहे म्हणून ही जास्त रडते. हे दुसरं जास्त वाईट होतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही पडवीत बसलो होतो. निकेश म्हणाला की आता या टाक्यांचं बघायला हवं. मी लगेच म्हणाले, "एंजलची टाकी मी नेते. रोह्याला."

बोलताना मला माहीत होतं की ती जोडी प्रतिक्षाने वाढवली आहे. पिल्लं होती तेव्हापासून. त्या जोडीने कौलाच्या तुकड्यावर अंडी घातली तेव्हा ती आणि बाबा दोघं तिथे बसून होते आणि निकेशने तक्रार केली होती की घरात कोणी जेवायला वाढत नाही. मला सगळं माहीत होतं. म्हणूनच मी गप्पी मागितले नाहीत.

"ने गो," आत्या म्हणाली. "बापाची आठवण. लेकीचा हक्कच हाय."

निकेशने प्रतिक्षाकडे बघितलं. ती उठून आत गेली, आणि थोड्या वेळाने मोरीत भांड्यांचा आवाज सुरू झाला. मला बरं वाटलं. अख्ख्या आठवड्यात तेवढं एकदा मला बरं वाटलं.

मग रविवार आला.

सकाळी मी तांदूळ निवडत बसले होते. प्रतिक्षा पडवीत गेली. तिने मोठ्या टाकीसमोर बाबांचा पाट घेतला, नळी टाकीत सोडली आणि तळाची घाण काढायला सुरुवात केली. मी दारातून बघत होते. नळीचं टोक ती बाबांसारखंच दोन बोटांत धरत होती. काचेवरून बोट फिरवून बघत होती, मान तिरकी करत होती. मध्येच जोडीशी पुटपुटली, आता झालंच, कशाला धावता. मला आत गेल्यासारखं करून ते ऐकावं लागलं.

निम्मं पाणी काढून झाल्यावर ती निळ्या ड्रमकडे गेली. ड्रमवर तिने चादर टाकून दोरी बांधली होती, हे मी त्या आठवड्यात बघितलं होतं आणि उगीच काहीतरी म्हणून सोडून दिलं होतं. तिने दोरी सोडली, झाकण काढलं, आणि मला वाटलं ती नमस्कार करते आहे. खरंच करत होती. मग तिने एकेक तांब्या करून पाणी टाकीत घातलं, अगदी हळू, काचेच्या कडेने.

पडवीत फिनेलचा आणि उदबत्तीचा वास होता. तिचं नाक रडून रडून चोंदलेलं होतं. आठवडाभर ती तोंडानेच श्वास घेत होती.

मी पुन्हा निवडायला बसले. थोड्या वेळाने तिने हाक मारली, पण मला नाही. "बाबा," असं म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं असावं. "ताई," ती म्हणाली. "ताई, इकडं या."

जोडी वर आली होती. दोन्ही मासे तोंड पाण्याबाहेर काढून हवा पीत होते. मादी एकदम आडवी झाली, टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट गेली आणि काचेवर आपटली. नराचे लांब पंख अंगाला चिकटले होते आणि अंगावर पांढुरकी साय आल्यासारखी दिसत होती.

आत्या मागून आली. बघितलं आणि कपाळाला हात लावला. "त्यानं बोलावलंन त्यांना," ती म्हणाली. "मालकाच्या मागं जातात मुकी जनावरं. जाऊ दे गो पोरी, अडवू नको."

"काय चुकलं माझं?" प्रतिक्षा म्हणाली. ती आत्याला नाही, मला विचारत होती. "बाबांचंच पाणी होतं, ताई. शेवटचं. रविवारी आम्ही भरलं होतं, त्यांचा हात लागलेला. मी आठवडाभर कुणाला ड्रमाला हात लावू दिला नाय. झाकून ठेवलं. मी त्यांचं पाणी घातलं आणि ते मरतायत."

मी टाकीजवळ गेले होते. माझा हात टाकीत होता, का ते मला सांगता येणार नाही. मी तो बाहेर काढला आणि मला वास आला. ग्रंथालयाशेजारच्या नळकोंडाळ्यात पावसाळ्यात येतो तो. ब्लीचिंग पावडरीचा.

मला त्या क्षणी सगळं दिसलं. ड्रम आडवा होताना दिसला, पायऱ्यांवरून उतरणारं पाणी दिसलं. प्रतिक्षा तेव्हा आत होती. घरातल्या एवढ्या माणसांत तिला कोणीही सांगितलं नव्हतं, कारण एका ड्रमाबद्दल कोण कोणाला सांगतं? एक आठवडा ती ज्या पाण्याची राखण करत होती ते बाबांचं नव्हतं. आणि ते मला माहीत होतं, तिला नाही. बाबांबद्दलची एक तरी गोष्ट.

मी सांगितलं. त्यात दया किती होती आणि दुसरं काय होतं ते मी वेगळं करू शकत नाही. "ते बाबांचं पाणी नव्हतं," मी म्हणाले. "त्या दिवशीच आत्याने ड्रम ओतला. मी बघितलं. हे नंतर भरलेलं आहे."

प्रतिक्षाने आत्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, "मग? भरलेलं पाणी ठेवत नाय गो घरात."

प्रतिक्षाचा चेहरा मी बघितला आणि मला वाटलं होतं तसं बरं वाटलं नाही.

निकेश आवाज ऐकून मागच्या दारातून आला. त्याने ड्रमात डोकावलं आणि तिथेच खाली बसला. भरला त्यानेच होता. गावात दोन पोरांना कावीळ झाली होती, माणसं येणार, पाणी पिणार, म्हणून त्याने आरोग्य केंद्राच्या आशाताईकडून पावडर आणली आणि ड्रमात मूठभर टाकली होती. वास फार यायला लागला म्हणून पाहुण्यांसाठी पाण्याचे जार मागवले, आणि ड्रम तसाच राहिला. पंप बंदच होता. वर प्रतिक्षाने झाकण घट्ट लावलं. एरवी उडून जाणारा पावडरीचा वायू आठवडाभर आत कोंडून राहिला होता.

"क्लोरीन आहे," मी म्हणाले. "कल्ले भाजतात त्याने. यांना चांगल्या पाण्यात घालायला हवं, आत्ता."

"चांगलं पाणी कुठं हाय?" निकेश म्हणाला. "घरातलं सगळं त्याच दिवशी भरलंय. विहिरीतही मी टाकलीय पावडर. जारही संपलेत."

मी पुस्तक आठवत राहिले आणि मला पानंच्या पानं आठवली, पण त्यात आमच्या पडवीचं काही नव्हतं. प्रतिक्षा गप्पींच्या टाकीकडे बघत होती. मग मीही बघितलं. घरात बाबांच्या वेळचं पाणी फक्त गप्पींच्या आणि मोलीच्या टाकीत उरलं होतं. मोलीच्या टाकीत तिने मीठ घातलेलं असे, ती उपयोगाची नव्हती.

"एंजल गप्पींना खातील," ती म्हणाली. "ती बारकी सगळी खातील."

"खाऊ दे," मी म्हणाले.

तिने जाळं घेतलं. मी टाकीवरची लाकडी फळी उचलून धरली आणि दुसऱ्या हाताने मादीला कोपऱ्यात अडवलं. मासा हाताला लागल्यावर कसा लागतो ते मला माहीत नव्हतं. मऊ नाही, एखाद्या पातळ कागदासारखा, आतून घट्ट. तिने मादीला उचलून गप्पींच्या टाकीत सोडलं, मग नराला. मी पंपाच्या दोन्ही नळ्या त्या एका टाकीत घातल्या. निकेश गाडी काढून पेणला गेला, माशांच्या दुकानातून क्लोरीन मारायचं औषध आणायला. आत्या देवापाशी जाऊन बसली. तिला आपण काय केलं ते कळलं होतं की नव्हतं, हे मी विचारलं नाही. तिने जे केलं ते तिच्या आईने केलं असतं आणि उद्या माझ्यासाठी कोणीतरी करेल.

आम्ही दोघी टाकीसमोर जमिनीवर बसलो. जेवणाची वेळ टळून गेली. कोणी आम्हाला बोलावलं नाही.

मादी दुपारी गेली. तळाला टेकली, एकदा कल्ला उघडला, मग उघडला नाही. प्रतिक्षा रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिने मादीला तळहातावर घेतलं, पदराच्या टोकात ठेवलं आणि बसून राहिली. नर कोपऱ्यात उभा होता. त्याचे कल्ले फार वेगाने हलत होते, पण आता तो वर येत नव्हता. गप्पी त्याच्यापासून लांब, एका घोळक्यात होते. त्याने कोणालाही खाल्लं नव्हतं.

निकेश औषध घेऊन आला, टाकीत थेंब टाकले, आमच्याकडे बघितलं आणि आत गेला.

बऱ्याच वेळाने नराने पंख सोडले. आधी वरचा, मग खालचा. तो कोपऱ्यातून निघून टाकीच्या मधोमध आला.

"वाचला," प्रतिक्षा म्हणाली. मग म्हणाली, "ताई, हा तुम्ही न्या. खरंच न्या. मी मनातून रागावले होते तुमच्यावर, तिसऱ्या दिवशी. मोरीत जाऊन तुम्हाला शिव्या दिल्या. आता नाय. माझ्या हातून एक गेली, हा तरी तुमच्याकडं राहील. तुम्ही वाचून करता सगळं."

मी काचेवरचे थेंब बोटाने पुसले.

"बाबांना बरं वाटंल," ती म्हणाली. "तुम्ही येणार म्हटलं की शनिवारीच इस्त्रीचा शर्ट काढून ठेवायचे. रविवारी सकाळपासून तो घालून बसायचे. मी म्हणायचे, पाणी काढताना भिजंल, बनियनवर बसा, लेकच येतेय, कलेक्टर नाय. तर म्हणायचे, गप. ती शिकलेली हाय." ती थोडं हसली. "माझ्यासमोर कायम ती फाटकी बनियन. पाठीला मोठं भोक. मी सांगून सांगून थकले."

ती हे मला काहीतरी द्यावं म्हणून सांगत होती. तिला वाटत होतं की त्यांच्या मनातला माझा मान ती मला आणून देते आहे. मी त्या शर्टाबद्दल विचार केला, त्याच्या कडक कॉलरबद्दल. मला आठवेना की मोठी झाल्यावर मी बाबांना बनियनवर कधी बघितलं. पाठीवरचं भोक मी बघितलं नव्हतं. ते किती मोठं होतं, डाव्या बाजूला की उजव्या, हे फक्त या मुलीला माहीत होतं आणि ती ते तक्रार म्हणून सांगत होती.

मी आयुष्यभर पुष्कळ वाचलं आहे. माणसं एकमेकांना काय बोलत नाहीत याबद्दल तर फारच. ते वाचताना मला नेहमी वाटायचं, बोलून टाकायला यांना झालं काय?

"हा तुझ्याकडेच राहू दे," मी म्हणाले.

"का?"

"मला मासा नको होता, प्रतिक्षा." माझा आवाज मला अनोळखी वाटला, पण तो थांबला नाही. "मी तो मागितला कारण तो तुझा होता. मी तुझ्यावर जळते. तू या घरात आल्यापासून, ते तुझ्याशी बोलायला लागले तेव्हापासून. आजही जळते, इथे बसूनसुद्धा. त्यांनी मला मान दिला, सगळं दिलं, आणि मला दारात बसवलं. मला तो शर्ट नको होता गो. मला ती बनियन घातलेले बाबा हवे होते. फार हवे होते. मी त्यांना हे कधीच सांगितलं नाही."